लिहिणारा आणि चित्रं काढणारा एकच असेल तर: मराठी चित्रपुस्तक सुरुवातीपासून छपाईपर्यंत

मराठीत मुलांसाठी लिहिणारे पुष्कळ आहेत आणि मुलांसाठी चित्रं काढणारेही आहेत. दोन्ही कामं स्वतः करणारे मात्र मोजके. जे.जे.मध्ये चित्रकला शिकलेल्या माधुरी पुरंदरे यांनी ही वाट मराठीत ठसठशीतपणे चालून दाखवली. २०१६ साली बालसाहित्यासाठीचा पहिला ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार त्यांना लेखनासाठी मिळाला. या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. इथे मी तीन ते आठ वर्षांच्या मुलांच्या चित्रपुस्तकाबद्दलच बोलणार आहे, कारण लेखन आणि चित्र सगळ्यांत घट्ट बांधलेले असतात ते याच प्रकारात.

माझा आग्रह सुरुवातीलाच सांगते. आधी पूर्ण गोष्ट लिहायची आणि मग तिला चित्रं काढायला बसायचं, असं करू नका. ती पद्धत लेखक आणि चित्रकार वेगवेगळे असतात तेव्हाची. दोन्ही कामं तुमचीच असतील तर पहिल्या आठवड्यापासून डमीत, म्हणजे हाताने बांधलेल्या कच्च्या पुस्तकात, काम करा. पुढे मुलांना वाचून दाखवायला, प्रकाशकाकडे पाठवायला आणि छापखान्यात भाव विचारायलाही तीच डमी लागते.

पहिली पायरी: ३२ पानांची डमी

बहुतेक चित्रपुस्तकं ३२ पानांची असतात, आणि त्याचं कारण कागदात आहे. आपल्याकडे पुस्तकांसाठी सर्रास वापरला जाणारा डबल क्राउन कागद २० × ३० इंचांचा असतो. त्याच्या एका बाजूला ७.२५ × ९.५ इंचांची आठ पानं बसतात. दोन्ही बाजू मिळून सोळा, म्हणजे एक फॉर्म. दोन फॉर्ममध्ये ३२ पानांचं पुस्तक होतं आणि कागद जवळजवळ वाया जात नाही. चौकोनी पुस्तक दिसायला गोड असतं, पण बऱ्याच मापांत कागदाची मोठी पट्टी कापून टाकावी लागते आणि किंमत वाढते. म्हणून आकार मनाशी पक्का करण्याआधी छापखान्यात विचारून घ्या. पहिलंच पुस्तक असेल तर १६ पानांचं करायलाही हरकत नाही.

ए-फोरचे आठ कागद घ्या, मधोमध दुमडा, एकात एक घाला आणि घडीवर दोन पिना मारा. झाली ३२ पानांची डमी. पानांना आकडे घाला. पहिल्या पानावर पुस्तकाचं नाव. दोन-तीनवर श्रेय, हक्क, अर्पण आणि हवं असेल तर एखादं छोटं चित्र. चार ते एकतीस या पानांत गोष्टीला चौदा जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या डाव्या-उजव्या पानांच्या जोड्या, मिळतात. बत्तिसावं पान एकटं उरतं. ते जाहिरातीला देऊन टाकू नका, शेवटच्या छोट्या चित्रासाठी ठेवा. मुखपृष्ठ वेगळ्या जाड कागदाचं असतं, ते या हिशोबात नाही.

आता प्रत्येक जोडपानावर पेन्सिलीने एक काडीचित्र आणि एक ओळ. चित्र चांगलं यायला नको, वाकडंतिकडं चालेल. अशा डम्या चार-पाच तरी होतात. पहिली फेकून देण्यासाठीच असते.

दुसरी पायरी: गोष्ट, आणि तिच्यातून काय काढायचं

एक उदाहरण घेते. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या एखाद्या गावात पाण्याच्या टँकरची वाट बघणारी रांग. माणसं सावलीला बसली आहेत आणि रांगेत त्यांची भांडी उभी आहेत. पाच वर्षांची पमी आजीच्या हंड्यामागे आपला तांब्या ठेवते. एवढीच कल्पना.

पहिला खर्डा बहुतेकांचा असा येतो: ‘पमीच्या गावात खूप दुष्काळ पडला होता. विहिरी आटल्या होत्या. गावातले सगळे लोक टँकरची वाट पाहत होते. पमीही आपल्या आजीबरोबर रांगेत उभी होती.’ यातला प्रत्येक शब्द चित्रात दिसणार आहे. भेगाळलेली जमीन, विहिरीत खाली गेलेला दोर, सावलीतली माणसं हे सगळं चित्र सांगेल. मग शब्दांनी काय करायचं? चित्राला जे जमत नाही ते. ठेका, आवाज, मनातलं, आणि वेळ. दुसरा खर्डा असा होऊ शकतो:

‘हंडा, हंडा, घागर, कळशी.
बादली, हंडा, घागर.
आणि सगळ्यांत शेवटी पमीचा तांब्या.’

दुष्काळ हा शब्द पुस्तकात कुठेच यायला नको. चार वर्षांचं मूल भांडी मोजेल, आठ वर्षांच्या मुलाला रांग का लागली आहे ते कळेल, आणि मोठ्या माणसाला आणखी काही दिसेल. लिहिणारा आणि काढणारा एकच असण्याचा खरा फायदा हाच आहे: चित्र येणार याची खात्री असल्यामुळे वाक्य निर्धास्तपणे खोडता येतं. प्रत्येक पानावर स्वतःला विचारा की हे वाक्य झाकलं तर काय हरवतं, आणि मग चित्र झाकलं तर काय हरवतं. दोन्ही प्रश्नांना उत्तर मिळालं तरच ते पान राहतं.

शब्दसंख्येचा अंदाज हवा असेल तर मुलांची पुस्तकं काढणाऱ्या ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनाच्या वाचनपातळ्या बघा. पहिल्या पातळीची पुस्तकं २५० शब्दांपर्यंत, दुसरीची ६०० पर्यंत असतात. मोठ्या माणसाने वाचून दाखवायचं पुस्तक असेल तर भाषा मोकळी ठेवता येते. मुलाने स्वतः वाचायचं असेल तर जोडाक्षरांकडे लक्ष द्यावं लागतं. पण जोडाक्षर म्हटलं की खोडायचं, हा नियम मला पटत नाही. ‘तांब्या’मध्ये जोडाक्षर आहे, तरी तो शब्द घरात रोज कानावर पडतो आणि या गोष्टीत पानोपानी येतो. दोन पानांनंतर मूल तो अक्षरं न जुळवता वाचतं. ‘प्रतीक्षा’ मात्र नको, तिथे ‘वाट’ आहे.

बोलीबद्दलही असंच. पमीची आजी पुस्तकी मराठी बोलणार नाही. निवेदन प्रमाण भाषेत आणि बोलणं बोलीत, ही जुनी सोय अजूनही चांगली चालते. शहरातल्या मुलांना बोली कळणार नाही असं म्हणत काही संपादक ती सरळ करायला सांगतात. अशा वेळी ठाम राहा. आजीच्या तोंडचं ‘कुटं गेलीस गं?’ वाचताना पुण्यातलं मूल अडत नाही, ते हसतं आणि पुन्हा म्हणून बघतं.

पूर्ण मजकूर रोज एकदा मोठ्याने वाचा, आणि दुसऱ्या कोणाला तरी पहिल्यांदाच वाचायला देऊन ऐका. तो जिथे अडखळेल तिथे दोष वाक्याचा.

तिसरी पायरी: पान उलटण्याची जागा

नाटकात पडदा जे काम करतो ते चित्रपुस्तकात पान उलटणं करतं. ‘टँकर आला!’ ही ओळ आणि टँकरचं चित्र उजव्या पानावर आलं तर डाव्या पानावरच्या शांत रांगेकडे कोणी बघणार नाही. डोळा आधी मोठ्या गोष्टीकडे जातो. म्हणून उजव्या पानाच्या तळाशी ‘लांबून धूळ दिसली...’ एवढंच ठेवा आणि टँकर पान उलटल्यावर येऊ द्या, दोन्ही पानं व्यापून. प्रश्न, आवाज, अर्धं वाक्य यांची जागा उजव्या पानाच्या शेवटी असते. त्याचं उत्तर पुढच्या डाव्या पानावर.

पण चौदाही जोडपानांवर हे केलं तर त्याची गंमत जाते. मधे एखादं जोडपान बिनशब्दांचं ठेवा, म्हणजे वाचणारा थांबतो आणि मूल बोलायला लागतं. कुठे जवळून बघायचं, कुठे लांबून, हेही याच टप्प्यावर ठरवा. सलग तीन पानांवर माणसं त्याच अंतरावरून दिसत असतील तर एक पान बदलायला हवं. अख्ख्या पुस्तकाची नखाएवढी चित्रं एकाच मोठ्या कागदावर काढली की हे लगेच लक्षात येतं.

चौथी पायरी: मुलांसमोर

कच्ची डमी घेऊन मुलांमध्ये जा. जवळची अंगणवाडी, जिल्हा परिषदेची शाळा, वस्तीतलं वाचनालय, कुठेही चालेल. ताईंची किंवा गुरुजींची परवानगी आधी घ्या. गोव्यात असाल तर पणजीच्या ‘बुकवर्म’ वाचनालयात मुलं पुस्तकं कशी हाताळतात ते बघण्यासारखं आहे. स्वतःची मुलं किंवा भाचरं यांच्यावर फार विसंबू नका, ती तुमच्यावरच्या प्रेमापोटी ऐकतात.

वाचून झाल्यावर ‘आवडलं का?’ असं विचारू नका. मुलं ‘हो’ म्हणतात. त्यापेक्षा वाचताना बघा. कुठल्या पानावर बोट चित्राकडे गेलं? कुठे कोणी खिडकीबाहेर बघायला लागलं? कोणी मागचं पान परत मागितलं का? त्या पानाच्या कोपऱ्यात लगेच खूण करा. मग एखाद्या मुलाला म्हणा, ‘आता तू मला सांग ही गोष्ट.’ ते जे गाळेल ते तुमच्या पुस्तकात नाही असं समजा, तुम्ही ते कितीही जीव ओतून लिहिलेलं असलं तरी.

पाचवी पायरी: पक्की चित्रं

आधी पात्राचा तक्ता करा. पमी समोरून, बाजूने, पाठमोरी, धावताना, उकिडवी बसलेली, रुसलेली. आजीच्या शेजारी उभी असताना तिचं डोकं कुठवर येतं? हंडा तिच्या कमरेएवढा आहे का? फ्रॉकची फाटकी बाही डावी की उजवी? तांब्याचा पोचा कुठल्या बाजूला? मोठ्यांना या चुका दिसत नाहीत, मुलांना पहिल्याच वाचनात दिसतात, आणि एकदा दिसल्या की ती दर वेळी दाखवत राहतात.

काढायची ती वस्तू प्रत्यक्ष बघून काढा. डोक्यातल्या गावात सगळे हंडे पितळी असतात. आजच्या टँकरच्या रांगेत निळ्या, नारिंगी, पिवळ्या प्लास्टिकच्या घागरी जास्त असतात. त्या तशाच काढा. उन्हाने पांढरट झालेल्या जमिनीवर ते भडक रंग फार सुंदर दिसतात, आणि त्या गावातल्या मुलाला आपलं गाव ओळखू येतं. आपल्याकडची चित्रपुस्तकं अजून बरीचशी फ्लॅटमध्ये आणि कौलारू घरात घडतात. तिसरं काही दाखवण्याची संधी सोडू नये.

जलरंग, पोस्टर कलर, कोलाज, टॅबलेट, काहीही चालतं. शिक्षण हवंच असं नाही. जे.जे., पुण्याचं अभिनव, गोवा कला महाविद्यालय किंवा आयआयटी मुंबईचं आयडीसी हे डिझाइनचं केंद्र यांतून शिकलेल्यांना पाया मिळतो. पण शाळेतल्या चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेनंतर स्वतःच स्केचबुकं भरत इथवर आलेलेही आहेत. रोज चालत्याबोलत्या मुलांची स्केचेस करण्याला मात्र पर्याय नाही.

छपाईसाठी काही मापं डोक्यात पक्की असू द्या. चित्र छापील आकाराएवढं किंवा थोडं मोठं काढा. स्कॅन किमान ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. कडेपर्यंत जाणारं चित्र चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त काढा, कारण कटिंगमध्ये तेवढं जातं. चेहरे, हात, अक्षरं कडेपासून १० मिलिमीटर आत. जोडपानाच्या मधल्या घडीत कोणाचं नाक येऊ देऊ नका. रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या हिशोबात, बघा, स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा आणि निळा कागदावर मंद होतात. आणि प्रत्येक चित्रात मजकुराची जागा पहिल्यापासून मोकळी सोडा. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार असतात, त्यामुळे ओळींमध्ये अंतर जास्त लागतं. पुढे तमिळ किंवा मल्याळम आवृत्ती निघाली तर ओळी आणखी लांबतील. गरजेपेक्षा पावपट जास्त जागा सोडली की निभावतं.

सहावी पायरी: अक्षरं

हे काम घाईत उरकलं जातं, आणि पहिल्यांदा वाचणाऱ्या मुलाला त्याचाच सगळ्यांत जास्त त्रास होतो. लहान मुलांसाठी अक्षर १८ ते २४ पॉइंटचं ठेवा. शब्द ओळीच्या शेवटी तोडू नका. ओळ तिथे मोडा जिथे श्वास मोडतो. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे हवेत, म्हणजे शाळेत मूल गिरवतं तसे. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेच्या ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ या फॉन्टसारखे चांगले मोफत पर्याय आहेत. फॉन्ट निवडताना ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’, ‘कृपा’, ‘रुमाल’, ‘रूप’ हे शब्द टाइप करून बघा.

इनडिझाइन या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (त्यातली देवनागरी नीट जुळवणारी सोय) लावलेला आहे ना ते आधी तपासा. तो नसेल तर ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी जाते आणि जोडाक्षरं फुटतात. छापखाना श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टवर काम करत असेल तर मजकूर युनिकोडमधून त्यात बदलून घेतल्यानंतर पुन्हा अक्षरन् अक्षर वाचा.

मजकूर चित्रात कधीही मिसळू नका. तो वेगळ्या थरावर आणि फक्त काळ्या शाईत ठेवा. अनेक भाषांत एकदम पुस्तक काढणारे प्रकाशक चित्रं एकदाच छापतात आणि भाषेपुरती काळ्या रंगाची प्लेट बदलतात. रंगीत चित्रावर हाताने काढलेली पांढरी अक्षरं देखणी असतात, पण त्या एका हौसेपायी पुस्तकाचे दुसऱ्या भाषांचे दरवाजे बंद होऊ शकतात.

सातवी पायरी: कुठे आणि काय पाठवायचं

पुस्तकाआधी मासिकांत काम करा. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं, शिवाय ‘वयम्’, छोट्यांसाठीचं ‘चिकूपिकू’, ‘साधना’चा बालकुमार दिवाळी अंक. दिवाळी अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते, सप्टेंबरमध्ये पाठवून उपयोग नाही. मासिकात तुम्हाला दुसऱ्याच्या मजकुरावर, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मापात चित्र देण्याची सवय लागते.

चित्रांच्या नमुन्यांचा संच दहा-बारा चित्रांचा पुरे. त्यात एकच मूल चार वेगळ्या प्रसंगांत असलंच पाहिजे, संपादक आधी तेच शोधतात. एक गर्दीचं, एक घरातलं, एक रात्रीचं, एक प्राण्यांचं चित्र ठेवा. प्रसिद्ध व्यक्तींची हुबेहूब पोर्ट्रेट्स इथे काही सांगत नाहीत.

पुस्तकासाठी प्रकाशकाकडे सगळी चित्रं रंगवून नेऊ नका. पूर्ण डमी पेन्सिलीत, दोन जोडपानं पक्क्या रंगांत, मजकूर वेगळा टाइप केलेला आणि पाच-सहा ओळींचं पत्र, एवढं पीडीएफमध्ये पाठवा. संपादक क्रम बदलायला सांगतो, वय बदलायला सांगतो. बारा चित्रं रंगवून झालेली असली की मन त्या सूचनांना विरोध करतं. पाठवण्याआधी त्या प्रकाशकाची अलीकडची पुस्तकं विकत किंवा वाचनालयातून आणून वाचा. मराठीत चित्रपुस्तकांचं नाव काढलं की ज्योत्स्ना प्रकाशन आधी आठवतं. नॅशनल बुक ट्रस्ट, चेन्नईचं तूलिका, प्रथम बुक्स यांचीही मराठी पुस्तकं असतात. प्रथमच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरची पुस्तकं मुक्त परवान्याखाली असतात: नाव देऊन ती कोणीही वापरू शकतो, विकूसुद्धा शकतो. सरावासाठी आणि दूरवर पोहोचण्यासाठी हे उत्तम. पण असा परवाना दिला की परत घेता येत नाही, म्हणून जे पुस्तक हक्कांसह प्रकाशकाला द्यायचं आहे ते तिथे टाकू नका.

आठवी पायरी: करार

इथे घाई करू नका, संकोचही करू नका. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. निर्मितीबरोबरच हक्क तुमचा होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि तो तुमच्या हयातीनंतर साठ वर्षं टिकतो. पण एक गोष्ट चित्रकारांना सहसा कोणी सांगत नाही. कोणी पैसे देऊन तुमच्याकडून चित्र करून घेतलं आणि वेगळा करार झालेला नसेल, तर कायद्याच्या कलम १७ नुसार त्या चित्राचा पहिला मालक करून घेणारा ठरू शकतो. म्हणजे तोंडी बोलण्यावर चित्रं दिली तर मजकूर तुमचा आणि चित्रं दुसऱ्याची, अशी स्थिती येऊ शकते. म्हणून ‘मजकूर आणि चित्रं या दोन्हींचे हक्क लेखक-चित्रकाराकडे राहतील’ हे वाक्य करारात स्पष्ट लिहून घ्या.

हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत, असं कायदा धरतो. तरी दोन्ही लिहाच. कुठल्या भाषा, छापील की ई-पुस्तकही, ध्वनी आणि अ‍ॅनिमेशनचे हक्क कोणाकडे, पुस्तक किती महिन्यांत निघेल, आवृत्ती संपल्यावर पुन्हा छापलं नाही तर हक्क कधी परत येतील, मूळ चित्रं कोणाच्या ताब्यात, प्रती किती, हिशोब वर्षातून कितीदा. मुखपृष्ठावर नाव हवं, लेखक म्हणूनही आणि चित्रकार म्हणूनही. हक्क दिल्यानंतरसुद्धा आपलं श्रेय मागण्याचा आणि कामाची मोडतोड रोखण्याचा अधिकार कलम ५७ नुसार तुमच्याकडेच राहतो.

पैशांचं गणित उघड्या डोळ्यांनी करा. समजा १०० रुपये किंमत, १,००० प्रती आणि १० टक्के रॉयल्टी. सगळ्या प्रती विकल्यावर हाती १०,००० रुपये, तेही बहुधा एका वर्षात नाही. चौदा जोडपानांना आणि मुखपृष्ठाला प्रत्येकी तीन दिवस धरले तरी ४५ दिवस नुसत्या रंगकामाचे होतात. म्हणून चित्रांसाठी वेगळी ठोक रक्कम आणि मजकुरासाठी रॉयल्टी, किंवा रॉयल्टीपोटी आगाऊ रक्कम मागावी. नाही म्हणाले तरी मागण्यात कमीपणा नाही. बहुतेक जण पाठ्यपुस्तकांची आणि मासिकांची कामं, शाळांमधल्या कार्यशाळा, भाषांतर किंवा एखादी नोकरी सांभाळून हे करतात. पहिली चार-पाच वर्षं तसंच धरून चाला.

स्वतः छापणार असाल तर

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून मोफत मिळतो, स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्यालाही. आतल्या पानांना १२० ते १३० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कागद, मुखपृष्ठाला २५० ते ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड आणि लॅमिनेशन. तीन ठिकाणांहून दर घ्या, डमी हातात देऊनच. कडक पुठ्ठ्याच्या बांधणीचा मोह टाळा, किंमत इतकी वाढते की शाळा पुस्तक घेत नाहीत. छपाई सुरू व्हायच्या आधी खऱ्या कागदावरचा एक नमुना काढून घ्या आणि तो दिवसाच्या उजेडात बघा.

पुस्तक निघाल्यावर तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवणं १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर बंधनकारक आहे. स्वतः छापलंत तर प्रकाशक तुम्हीच.

एक प्रत ‘दुरुस्ती’ असं लिहून बाजूला ठेवा आणि सापडेल ती चूक तिच्यातच नोंदवा. मूळ चित्रं सपाट ठेवा, आम्लरहित कागदात, ओलीपासून लांब. स्कॅन, मांडणीची उघडी फाइल, मजकुराची साधी युनिकोड फाइल आणि वापरलेला फॉन्ट हे सगळं एकाच फोल्डरमध्ये, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. पाच वर्षांनी दुसरी आवृत्ती किंवा कोकणी, हिंदी आवृत्ती ठरली की प्रकाशक पहिल्यांदा हेच फोल्डर मागतो.